नर्सिंगच्या मुलाखतीत ‘मला सेवा करायची आहे’ एवढं उत्तर का पुरत नाही?

“नर्सिंगच का?”

नर्सिंग कॉलेजच्या प्रवेश मुलाखतीत हा प्रश्न कधी ना कधी येतोच. त्याचं उत्तरही जवळपास ठरलेलं असतं : “मला लहानपणापासून लोकांची सेवा करायची आवड आहे.” मुलाखतीची तयारी करून घेणाऱ्या व्हिडिओंमध्ये हेच वाक्य थोड्याफार फरकाने सापडतं. कुणी त्याला फ्लोरेन्स नाइटिंगेलचा दिवा जोडतं, कुणी आजीच्या आजारपणाची आठवण.

उत्तर खोटं असतं असं नाही. अडचण एवढीच की, टेबलाच्या पलीकडे बसलेल्या व्यक्तीला त्यातून काहीच कळत नाही. रात्री तीन वाजता वॉर्डात एकटी असताना ही मुलगी काय करेल? चूक झाली तर सांगेल की लपवेल? आरडाओरडा करणाऱ्या नातेवाइकाशी कशी बोलेल? मुलाखत घेतली जाते ती या गोष्टींसाठी. मुलाखत असावी की नसावी, तिच्यातून खरंच काही कळतं का, हा वादही जुनाच आहे.

पण नर्सिंगला मुलाखत असते कुठे?

महाराष्ट्रात बी.एस्सी. नर्सिंगच्या बहुतेक विद्यार्थ्यांना मुलाखत द्यावीच लागत नाही. राज्य सीईटी कक्ष त्यासाठी स्वतंत्र प्रवेश परीक्षा घेतो. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, इंग्रजी आणि ‘नर्सिंग अ‍ॅप्टिट्यूड’ अशा पाच विषयांना प्रत्येकी 20 गुण. गुणवत्ता यादी लागते, कॉलेजचे पर्याय भरायचे, जागा मिळाली की प्रवेश. उमेदवाराचा चेहरा कुणी बघत नाही.

यातला पाचवा विषय मात्र नीट बघण्यासारखा आहे. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या सुधारित अभ्यासक्रमातच या अ‍ॅप्टिट्यूडचा समावेश आहे. ही मुलगी किंवा हा मुलगा या कामाला योग्य आहे का, हा एरवी मुलाखतीत विचारला जाणारा प्रश्न इथे चार पर्यायांत बसवला आहे. फरक असा की परीक्षेत बरोबर उत्तर त्या चारांपैकी एक म्हणून समोर छापलेलं असतं. वॉर्डात पर्याय छापून मिळत नाहीत.

मुलाखत टिकून आहे ती लष्करात. मिलिटरी नर्सिंग सर्व्हिससाठी सशस्त्र दलांच्या सहा नर्सिंग कॉलेजांमध्ये चार वर्षांचा बी.एस्सी. अभ्यासक्रम चालतो. जागा एकूण 220, फक्त मुलींसाठी. त्यातल्या 80 महाराष्ट्रात आहेत : पुण्याच्या एएफएमसीत 40 आणि मुंबईच्या आयएनएचएस अश्विनी या नौदल रुग्णालयात 40. बाकीच्या कोलकाता, दिल्ली, लखनौ आणि बंगळुरूला. शिक्षणाचा खर्च सरकारचा, त्याबदल्यात सेवेचा करार, आणि शेवटी थेट लेफ्टनंटच्या हुद्द्यावर कमिशन.

निवडीची अलीकडची पद्धत अशी : आधी नीट. त्या गुणांवरून निवडलेल्या मुलींची सामान्य बुद्धिमत्ता आणि इंग्रजीची संगणकावर चाचणी. मग मानसशास्त्रीय चाचणी, मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी. अंतिम यादीत मुलाखतीचे गुण धरले जातात. म्हणजे दोन मुलींचे नीटचे गुण सारखे असतील, तर कोण आत आणि कोण बाहेर हे त्या खोलीतल्या काही मिनिटांवर ठरू शकतं. जागा इतक्या कमी असल्या की ही मिनिटं फार महाग होतात.

‘डॉक्टर का नाही?’ हा खरा अवघड प्रश्न

इथे व्यवस्थेनेच एक पेच तयार केलाय. नीट ही मुळात डॉक्टर होण्यासाठीची परीक्षा म्हणून ओळखली जाते. घरातून, क्लासमधून, नातेवाइकांकडून तिच्याबद्दल बोललं जातं ते एमबीबीएसच्याच भाषेत. नर्सिंगच्या मुलाखतीला पोहोचणारी प्रत्येक मुलगी ती परीक्षा देऊनच आलेली असते. त्यामुळे समोरच्यांच्या मनात एक शंका आधीच बसलेली असते : हिला नर्सिंग हवंय, की एमबीबीएस हुकलं म्हणून ही इथे आलीये?

यावर दोन प्रकारची उत्तरं पडतात. पहिलं, “मला डॉक्टर व्हायचंच नव्हतं.” दोन वर्षं नीटची तयारी केलेल्या मुलीच्या तोंडून हे पटायला जड जातं. दुसरं, “डॉक्टर आणि नर्स दोघेही सेवाच करतात.” मग नर्सच का, हे पुन्हा राहूनच जातं.

सरळ उत्तर जास्त टिकतं. एमबीबीएसचा विचार होता, गुण पुरेसे नाहीत, हे कबूल करायला हरकत नाही. त्यानंतर नर्सिंगबद्दल काय कळलं आणि ते काम का पटलं, हे मात्र सांगता आलं पाहिजे. त्यासाठी दोन्ही कामांतला फरक माहीत हवा. डॉक्टर राउंडला येऊन निदान करतात, औषध लिहितात आणि पुढच्या रुग्णाकडे जातात. नर्स पूर्ण ड्युटीभर त्या रुग्णाजवळ असते. ताप उतरला की चढला, लघवी किती झाली, सकाळपेक्षा आता धाप वाढलीये का, हे आधी तिच्या लक्षात येतं, किंवा येत नाही. डॉक्टरांना कधी बोलवायचं हेही बऱ्याचदा तिच्या नजरेवर ठरतं. हा फरक स्वतःच्या शब्दांत सांगू शकणारी मुलगी ‘मला सेवेची आवड आहे’ न म्हणताही पुष्कळ काही सांगून जाते.

सेवा म्हणजे नेमकं काय काम?

मुंबईचं केईएम रुग्णालय आणि अरुणा शानबाग हे उदाहरण मराठी वाचकांना नवं नाही. तिथेच नर्स असलेल्या अरुणा शानबाग यांच्यावर 27 नोव्हेंबर 1973 रोजी रुग्णालयातल्याच एका सफाई कर्मचाऱ्याने लैंगिक हल्ला केला. त्या पुन्हा उठल्या नाहीत. 18 मे 2015 रोजी त्यांचं निधन झालं. मधल्या जवळपास 42 वर्षांत केईएमच्या नर्सेसनी त्यांना सांभाळलं. ज्यांनी त्यांना कधी काम करताना पाहिलंही नव्हतं, अशा पुढच्या पिढ्यांच्या नर्सेसनीसुद्धा.

दयामरणाच्या याचिकेवर 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, तेव्हा एका गोष्टीची खास नोंद झाली : इतकी वर्षं अंथरुणाला खिळूनही त्यांना बेडसोर झालेला नव्हता.

ही गोष्ट भावनेने होत नाही. ठरावीक तासांनी कूस बदलावी लागते, रात्रीसुद्धा. चादरीला सुरकुती राहू द्यायची नाही. त्वचा कोरडी ठेवायची, पाठ, टाचा, माकडहाड रोज बघायचं, लालसरपणा दिसला की लगेच पुढची काळजी घ्यायची. खाणं नीट पोटात जातंय का याकडे लक्ष ठेवायचं. ड्युटी बदलताना पुढच्या सिस्टरला हे सगळं सांगायचं, आणि तिने ते करायचं. चार दशकं. ‘सेवा’ या शब्दाच्या पोटात एवढं तांत्रिक, शिस्तीचं, कंटाळवाणंसुद्धा काम आहे. मुलाखतीत सेवा हा शब्द वापरायचाच असेल तर त्यातलं एखादं काम सोबत यायला हवं.

फ्लोरेन्स नाइटिंगेलचंही असंच होतं. दिवा सगळ्यांना आठवतो. सैनिक जखमांपेक्षा अस्वच्छतेने आणि रोगांनी जास्त मरत होते, हे त्यांनी आकडेवारी आणि आलेखांतून सरकारसमोर मांडलं, ते उत्तरांमध्ये क्वचित येतं. बारावी सायन्सच्या मुलीला खरं तर हा भाग जास्त जवळचा वाटायला हवा.

इंग्लंडने मुलाखत का बदलली?

करुणा ओळखण्यासाठी मुलाखत घ्यायचा सर्वात मोठा प्रयोग इंग्लंडमध्ये झाला, आणि त्यामागे एक लाजिरवाणं प्रकरण होतं. मिड स्टॅफर्डशायर या ट्रस्टच्या स्टॅफर्ड रुग्णालयात 2005 ते 2009 या काळात रुग्णांचे अतोनात हाल झाले. जेवण आणि पाणी हाताला लागणार नाही एवढ्या लांब ठेवलेलं. माणसं तासन्‌तास घाण झालेल्या अंथरुणात पडलेली. रॉबर्ट फ्रान्सिस यांच्या चौकशीचा अहवाल फेब्रुवारी 2013 मध्ये आला. त्यात 290 शिफारशी होत्या. नर्सिंगला प्रवेश देताना उमेदवाराची काळजीवाहू वृत्ती तपासावी, ही त्यातलीच एक.

त्यानंतर तिथल्या विद्यापीठांना केवळ गुणांवर नाही, तर मूल्यांवर आधारित निवड करायला सांगण्यात आलं. त्याच सुमारास इंग्लंडच्या मुख्य नर्सिंग अधिकारी जेन कमिंग्ज यांनी मांडलेले सहा शब्द गाजत होते. इंग्रजीत सहाही ‘सी’वरून सुरू होतात, मराठीत काळजी, करुणा, क्षमता, संवाद, धैर्य आणि बांधिलकी. पुढे काय झालं असेल याचा अंदाज येईलच. मुलाखतीच्या तयारीच्या मार्गदर्शकांत हे सहा शब्द पहिल्या पानावर जाऊन बसले. करुणा तपासायला आणलेले शब्द पाठांतराचे शब्द झाले.

यावरचा एक उपाय कॅनडातून आला होता. मॅकमास्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी 2004 मध्ये मेडिकल प्रवेशासाठी ‘मल्टिपल मिनी इंटरव्ह्यू’ ही पद्धत मांडली. एका मोठ्या मुलाखतीऐवजी छोट्या छोट्या साधारण दहा मुलाखती. प्रत्येक ठिकाणी वेगळा परीक्षक, वेगळा प्रसंग. कुठे रागावलेल्या नातेवाइकाची भूमिका करणारा नट समोर असतो, कुठे एखादा नैतिक पेच. आठेक मिनिटं झाली की पुढच्या टेबलावर. यामागचा विचार साधा आहे. माणूस एका प्रसंगात छान वागला म्हणून दुसऱ्यात वागेलच असं नाही, आणि एकाच परीक्षकावर पडलेली पहिली छाप सगळा निकाल ठरवू नये. पहिल्या टेबलावर घाबरून गडबड झाली तरी दुसऱ्या टेबलावर पाटी कोरी असते. ब्रिटनमधली अनेक नर्सिंग कॉलेजं आता अशीच मुलाखत घेतात.

भारतात जिथे मुलाखत आहे तिथे ती बहुतांशी एका खोलीत, एकाच मंडळासमोर होते. तिचं वजन ठेवायचं असेल तर रचनाही बदलायला हवी. संसदेने 2023 मध्ये नॅशनल नर्सिंग अँड मिडवाइफरी कमिशनचा कायदा केला आहे आणि त्यात देशभर प्रवेशाची एकसमान पद्धत आणण्याची तरतूद आहे. पद्धत ठरवताना हा मुद्दा टेबलावर यायला हवा.

मिड स्टॅफर्डशायरची दुसरी बाजूही सांगायला हवी, ती सोयीस्करपणे मागे पडते. तिथला घोटाळा केवळ निर्दयी नर्सेसमुळे झाला नव्हता. व्यवस्थापन आर्थिक उद्दिष्टांच्या मागे लागलं होतं, खर्च वाचवायला माणसं कमी केली गेली होती, आणि तक्रार करणाऱ्यांचं कुणी ऐकत नव्हतं. कितीही पारखून करुणामय मुली घेतल्या आणि त्यांना तीस-चाळीस रुग्णांच्या वॉर्डात एकटं सोडलं, तर पाण्याचा ग्लास लांबच राहणार. भारत सरकारने संसदेत दिलेल्या आकडेवारीनुसार देशात हजार लोकांमागे नर्सेसचं प्रमाण त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या तीनच्या जागतिक निकषापेक्षा कमी आहे. मुलाखतीतून चांगली नर्स निवडता येईल. वॉर्डातली दुसरी नर्स त्यातून येत नाही.

मग तयारी करायची कशाची?

प्रसंगांची. उदाहरणार्थ, एकाच वेळी एका रुग्णाचं सलाईन संपत आलंय, दुसरा उलटी करतोय, तिसऱ्याला धाप लागलीये आणि चौथ्याचा मुलगा टेबलापाशी ओरडतोय. आधी कुणाकडे जाल? ओरडणाऱ्याकडे लक्ष आधी जातं, पण श्वासाचा त्रास असलेला रुग्ण पहिला. जाता जाता मदतीला हाक मारायची, उलटी करणाऱ्याला कुशीवर करायला कुणाला तरी सांगायचं. सलाईन दोन मिनिटं थांबू शकतं. बारावीच्या मुलीला यातलं वैद्यकीय ज्ञान असावं अशी अपेक्षा नसते. ती क्रम कसा लावते आणि मदत मागते का, हे बघितलं जातं.

किंवा : शिकाऊ असताना सीनियर सिस्टरने चुकीचा डोस भरलाय असं वाटलं तर? “मी लगेच डॉक्टरांकडे तक्रार करेन” हे उत्तर धाडसी वाटतं, पण तोवर इंजेक्शन देऊन झालेलं असेल. “सीनियरला जास्त कळतं” हे त्याहून धोकादायक. औषध रुग्णापर्यंत पोहोचण्याआधी थांबवायचं, रुग्णासमोर वाद न घालता “सिस्टर, एकदा केसपेपर बघू या का?” असं विचारायचं, आणि शंका उरली तर वॉर्डच्या इन्चार्जना सांगायचं. डोस स्वतःच्या मनाने बदलायचा नाही. स्वतःची हद्द कळणं आणि त्या हद्दीत गप्प न बसणं, दोन्ही यात तपासलं जातं.

रुग्ण विचारतो, “सिस्टर, रिपोर्टमध्ये वाईट काही आलंय का?” हा त्यातला सर्वात नाजूक. शिकाऊ नर्सने निदान सांगायचं नसतं आणि खोटा धीरही द्यायचा नसतो. “डॉक्टर तुमच्याशी नीट बोलतील, मी त्यांना कळवते. तुम्हाला कशाची भीती वाटतेय?” असं म्हणून दोन मिनिटं थांबता येतं. ती दोन मिनिटंसुद्धा नर्सिंगच आहे.

अशी उत्तरं खोलीत बसून सुचत नाहीत. गावाजवळच्या ग्रामीण रुग्णालयातल्या किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या सिस्टरना भेटून त्यांच्या दिवसाबद्दल विचारणं हे कुठल्याही ऑनलाइन कोर्सपेक्षा उपयोगी आहे. एएनएम, जीएनएम आणि बी.एस्सी. यांत फरक काय, आशा सेविका आणि नर्स यांचं काम कसं वेगळं, हेही तिथेच नीट समजतं. घरात कुणाचं आजारपण काढलं असेल तर तेही सांगावं, पण आठवण म्हणून नाही. आजोबांची औषधं वेळेवर देताना कुठे चुकलं, मग वहीत लिहून ठेवायला कशी सुरुवात केली, इतकं नेमकं.

इंग्रजीची भीती

मराठी माध्यमातून आलेल्या मुलींचा खरा गळफास हा असतो. भीती अनाठायी नाही. लष्कराच्या निवडीत इंग्रजीची वेगळी चाचणी आहे, नर्सिंगचं शिक्षण इंग्रजीतून होतं, औषधांची नावं आणि नोंदी इंग्रजीतच. डोस वाचताना चूक झाली तर ती भाषेची चूक राहत नाही. त्यामुळे इंग्रजी लागतं, यात वाद नाही. मात्र लागतं ते समजण्यापुरतं आणि स्पष्ट सांगण्यापुरतं. छोटी वाक्यं, सावकाश, आणि प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारण्याची हिंमत. पाठ केलेला फाडफाड परिच्छेद पहिल्या उपप्रश्नाला कोसळतो.

उलट बाजू कुणी मोजत नाही. वॉर्डात रुग्ण इंग्रजीत दुखत नाही. तो सांगतो, “पोटात कळ येतेय”, “जीव घाबरा होतोय”, “अंग मोडून आलंय”, “छातीवर कुणीतरी बसल्यागत वाटतंय”. यातली शेवटची तक्रार ऐकून ताबडतोब हलायला हवं, हे ज्या मुलीला भाषेमुळे आपोआप कळतं तिच्याकडे एक कौशल्य आहे. मुलाखतीत “रुग्णांशी संवाद कसा साधाल?” असं विचारलं, तर हे सांगण्यासारखं आहे, मोडक्या इंग्रजीत का होईना.

लग्नाचं काय?

हा प्रश्न मुलाखतीपेक्षा घरात आधी येतो. लष्कराच्या या अभ्यासक्रमाला विवाहित मुलगी अर्ज करू शकत नाही. कमिशन मिळाल्यानंतरचा इतिहासही फार जुना नाही. सेलिना जॉन या लेफ्टनंट नर्सने 1988 मध्ये लग्न केलं म्हणून त्यांना सेवेतून काढण्यात आलं होतं. तेव्हा तसा नियमच होता. तो 1995 मध्ये मागे घेतला गेला, पण त्यांची लढाई चालू राहिली. फेब्रुवारी 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, लग्न केलं म्हणून स्त्रीला नोकरीवरून काढणं हा उघड लिंगभेद आहे असं म्हणत केंद्राला 60 लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. काढल्यानंतर 36 वर्षांनी.

त्यामुळे “पुढे लग्न झालं तर?” असं कुणी विचारलंच, तर घाईने “मी लग्नच करणार नाही” असं सांगायची गरज नाही. बदल्या होतात, नाइट ड्युटी असते, हे माहीत आहे आणि त्याची तयारी आहे, एवढं पुरतं. घरच्यांशी हे आधी बोलून ठेवलेलं असावं, कारण बदली सीमेलगतच्या रुग्णालयातही होऊ शकते हे अनेक पालकांना निवड झाल्यावर कळतं आणि मग घरात खडाजंगी होते.

मुलाखतीच्या शेवटी कधीकधी उलट विचारलं जातं, “तुम्हाला काही विचारायचंय?” बहुतेक मुली मान हलवून उठतात. कॉलेजच्या वेबसाइटवर सापडेल असं काही विचारण्यापेक्षा उठलेलं बरंच. पण एक प्रश्न विचारण्यासारखा आहे : “मॅडम, विद्यार्थिनी ज्या वॉर्डात शिकतात तिथे रात्रीच्या ड्युटीला एका नर्सकडे किती रुग्ण असतात?”